ओरडला का नाहीस?

(सुरतमधल्या कोसाड येथे मराठी रहिवाशांनी भरवलेल्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान. छापताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



माझ्या एका जुन्या अपराधापासून सुरुवात करतो. साल 1983. मी सोळा वर्षांचा होतो. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. भुसावळ-सुरत पॅसेंजरने जी हजारो खानदेशी कुटुंबं इथे उतरली, त्यातलंच आमचं एक. वडील आणि काका एकाच लूमच्या खात्यावर, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात होते. दुपारचा डबा पोचवायचं काम माझं. त्या दिवशी मी डबा घेऊन आत गेलो. काका साच्यावर वाकून तुटलेला धागा सांधत होते. त्यांच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली. बाहीमागून हात गेला. साचे थांबवायचं भिंतीवरचं लाल बटण माझ्यापासून दोन हातांवर होतं. ते कशाचं हेही मला ठाऊक होतं, कारण काकांनीच ते मला दाखवलं होतं. आणि मी उभा राहिलो. डब्याची कडी मुठीत आवळून नुसता उभा. तिसऱ्या साच्यावरचा एक उडिया कारागीर धावत आला आणि त्याने बटण दाबलं. काकांची दोन बोटं गेली.

नंतर सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. वडिलांनी विचारला, शेठने विचारला, गल्लीतल्या पोरांनी विचारला: "तू ओरडला का नाहीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे मी मानसशास्त्र शिकलो, आणि गेली तीस-बत्तीस वर्षं समुपदेशन करतो आहे. ते सगळं या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठीच केलं की काय, अशी मला शंका आहे. आज ते उत्तर तुमच्यापुढे मांडतो.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, ते गुरुजी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचे. त्यांच्या एका विद्यार्थिनीने मला एक आठवण सांगितली. 2006 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर शाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा इतर वर्गांत मुलांना ‘मी पाहिलेला पूर’ हा निबंध दिला गेला. गुरुजींनी निबंध दिला नाही. पंधरा दिवस रोज शेवटचे दोन तास त्यांनी चिखल सुकलेल्या अंगणात मुलांना खो-खो खेळायला लावलं. पोर्शन मागे पडला म्हणून बोलणीही खाल्ली. सोळाव्या दिवशी एक मुलगा आपण होऊन म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरात पाणी आलं तेव्हा मी हललोच नाही." गुरुजी म्हणाले, "बस. सांग." गुरुजींनी मानसोपचाराचं पुस्तक वाचलेलं नसावं. पण आधी शरीर हलतं करायचं आणि मग तोंड, हा क्रम त्यांना बरोबर उमगला होता. आजच्या व्याख्यानाचं सार म्हणाल तर एवढंच. आता तपशिलात जाऊ.

आपल्या भाषेने भीतीचा फार बारीक अभ्यास केलेला आहे. दातखीळ बसते, बोबडी वळते, घशाला कोरड पडते, पाय जागच्या जागी खिळतात, हातपाय गळतात, अंगाला कापरं भरतं. एकेका अवयवाची वेगळी नोंद आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र आपण एवढंच वाचतो की संकट आलं की प्राणी लढतो किंवा पळतो. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये ही मांडणी केली. ती खरी आहे, पण अपुरी आहे. तिसरा मार्ग आपल्या आजीला ठाऊक होता. त्या मार्गासाठी मराठीत तीन शब्द आहेत, आणि आज मी तेच वापरणार आहे: दबकणं, थिजणं आणि गळणं.

आधी दबकणं. शेतात टिटवी ओरडते, त्याबरोबर तिची पिल्लं जमिनीला चिकटून बसतात. तुम्ही पाऊलभर अंतरावर असलात तरी ती ढेकळासारखी दिसतात. ससा असाच दबकतो. माणूसही दबकतो. नेदरलँडमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला एका फळीवर उभं करायचं आणि समोर चेहऱ्यांची चित्रं दाखवायची. उभा माणूस नेहमी किंचित डुलत असतो, ते आपल्याला कळतही नाही. रागीट चेहरा समोर आला की हे डुलणं कमी होतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणजे नुसत्या चित्रासमोरही शरीर दबकतं. या अवस्थेत मन बधिर नसतं, उलट कान टवकारलेले असतात. पुढे लढायचं की पळायचं, ते ठरायला शरीराने मागून घेतलेला हा क्षण असतो.

दुसरं थिजणं. लढता येत नाही, पळता येत नाही, आणि शिकारी अंगावर येऊन पोचला आहे. अशा वेळी शरीर ताठ होतं, आवाज फुटत नाही, वेदना बोथट होते. कोंबडी घट्ट धरून जमिनीवर दाबली आणि हळूच हात काढला, तर ती काही वेळ तशीच पडून राहते. खेड्यातल्या पोरांचा हा जुना खेळ आहे. युरोपात अथानासियस किर्खर नावाच्या पाद्र्याने 1646 मध्ये तो ग्रंथात नोंदवला आणि त्याला अद्भुत प्रयोग म्हटलं. कोंबडीच्या दृष्टीने त्यात अद्भुत काही नाही. पुष्कळ शिकारी हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतात. निपचित पडलेल्यावरची पकड कधी कधी सैल होते, आणि तेवढ्यात निसटता येतं. डेव्हिड लिव्हिंगस्टन या आफ्रिकेतल्या प्रवाशाला 1844 मध्ये सिंहाने खांद्याला धरून झिंजाडलं. त्याने पुढे लिहून ठेवलं की त्या वेळी त्याला ना वेदना जाणवली ना भीती, सगळं दिसत मात्र होतं. त्याने ही दयाळू निर्मात्याची योजना मानली.

तिसरं गळणं. इथे ताठपणाही संपतो. रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कोसळतो. रक्त पाहून किंवा सुई टोचताना काही जणांना भोवळ येते, ती याच्या जवळची.

हे तिन्ही निर्णय कोण घेतं? तुम्ही-आम्ही नाही. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग आहे. तो धोका हेरतो. त्याचा निरोप खाली मध्यमेंदूतल्या एका करड्या पट्ट्याकडे जातो, आणि तिथून शरीराला हुकूम सुटतो: पळ, लढ किंवा थिज. विचार करणारा मेंदू या साखळीत उशिरा पोचतो, खात्यावर अपघात होऊन गेल्यावर शेठ पोचतो तसा. आणि पोचल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतो, "बटण का नाही दाबलं?"

आपल्या शहराने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने सुरत सोडून गेली. ते पळणं होतं. 7 ऑगस्ट 2006 ला उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीतून शहरात शिरलं. विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला होता. माणसं माळ्यांवर आणि गच्च्यांवर अडकली. पाण्याशी लढता येत नाही, आणि पळायला रस्ता नाही. तिथे बऱ्याच जणांच्या वाट्याला थिजणं आलं. नदीकाठच्या वस्त्या हलवून महापालिकेने कोसाडचा आवास उभारला. एच-वन, एच-टू असे नंबर लावलेल्या या इमारतींत आज जी कुटुंबं राहतात, त्यांतल्या कितीतरी घरांनी ते पाणी पाहिलेलं आहे. बिऱ्हाड हललं, तरी शरीर आपली आठवण बरोबर घेऊन येतं.

थिजण्याबद्दलच्या अडाणीपणाची सर्वांत मोठी किंमत आपल्या महाराष्ट्रात एका मुलीने मोजली. 26 मार्च 1972 च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात, मजुरी करणाऱ्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. इतिहास त्याला मथुरा खटला म्हणतो. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, असा फरक तिथल्या न्यायाधीशांनी केला होता. पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, मुलीने आरडाओरडा केला नाही, या गोष्टी तिच्या विरोधात गेल्या. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने तिला जणू तोच प्रश्न विचारला: ओरडली का नाहीस?

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. आंदोलन उभं राहिलं, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून बाईची संमती होती असं धरता येणार नाही, हे वाक्य कायद्यात स्पष्टपणे यायला मात्र 2013 साल उजाडलं. आज ते भारतीय न्याय संहितेच्या 63 व्या कलमात आहे. म्हणजे त्या रात्रीपासून 2013 पर्यंत 41 वर्षं गेली. 2017 मध्ये स्टॉकहोमच्या एका अभ्यासाने या वाक्यामागचं शरीर दाखवून दिलं. अत्याचारानंतर तिथल्या तातडीच्या केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांपैकी 70 टक्के जणींनी लक्षणीय प्रमाणात थिजल्याचं सांगितलं, आणि 48 टक्के जणींच्या बाबतीत ते टोकाचं होतं. ज्या थिजल्या होत्या, त्यांच्यात सहा महिन्यांनंतर आघातोत्तर तणावाचा विकार आणि तीव्र नैराश्य यांचं प्रमाण बरंच जास्त आढळलं.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडं थांबू. थिजलेला माणूस पुढे जास्त आजारी का पडतो? एक कारण शरीरातलं आहे. एवढा मोठा भार येऊन गेला आणि कृती काहीच झाली नाही. दुसरं कारण घरातलं आहे. लढून हरलेल्याला आपण शूर म्हणतो, पळालेल्याला हुशार म्हणतो, आणि थिजलेल्याला जाब विचारतो. पुढे तोही स्वतःला जाब विचारू लागतो, रोज रात्री. आमच्याकडे येणारी माणसं भीतीने जेवढी खचलेली असतात, त्याहून शरमेने जास्त खचलेली असतात.

म्हणून उपचाराची पहिली पायरी माहितीची आहे. मी आत्ता जे टिटवी, कोंबडी आणि अमिग्डालाबद्दल बोललो, ते दवाखान्यात पहिल्याच भेटीत बोलतो. कागदावर चित्र काढून दाखवतो. "हे तुमच्या शरीराने केलं, तुम्हाला वाचवण्यासाठी केलं." हे ऐकून मी धट्टीकट्टी माणसं रडताना पाहिली आहेत. कोणत्याही गोळीने एका तासात एवढा आराम पडलेला मी पाहिलेला नाही.

दुसरी पायरी शरीराची. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घाबरलेल्या माणसाला आपण म्हणतो, डोळे मीट, आडवा हो, अंग सैल सोड. धडधडणाऱ्याला याने बरं वाटेल. पण जो आधीच थिजतो किंवा गळतो, त्याला डोळे मिटून निपचित पडायला सांगणं म्हणजे त्याच अवस्थेत परत ढकलणं. त्याला उलटं शिकवावं लागतं. डोळे उघडे ठेवा, मान वळवून खोलीतल्या पाच वस्तू मोठ्याने सांगा, तळपाय जमिनीवर दाबा, गार पाण्याचा घोट घ्या, दोन्ही तळहातांनी भिंत ढकला. स्वीडनचे लार्स-योरान ऑस्ट यांनी 1980 च्या दशकात रक्त पाहून भोवळ येणाऱ्यांसाठी एक साधी रीत बसवली. दंड, छाती आणि मांड्यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहरा तापल्यासारखा वाटेपर्यंत आवळायचे, मग वीस-तीस सेकंद नेहमीसारखं बसायचं, आणि असं पाच वेळा करायचं. त्याने उतरणारा रक्तदाब सावरतो. जर्मनीतले मॅगी शाउअर आणि थॉमस एल्बर्ट हे उपचारतज्ज्ञ आघाताची गोष्ट ऐकतानाही माणसाला गळू देत नाहीत. पाय आवळायला, हातपाय हलवत राहायला सांगतात. गुरुजींचा खो-खो इथे आठवतो.

तिसरी पायरी गोष्टीची, आणि उपचाराचं खरं काम इथे होतं. आघाताची आठवण तुकड्यातुकड्यांत साठलेली असते: एक आवाज, एक वास, हाताला झालेला एक स्पर्श. त्या तुकड्यांवर तारीख नसते, म्हणून ते आत्ताच घडत असल्यासारखे अंगावर येतात. त्यांना क्रम द्यायचा आणि तारीख लावायची, हे काम. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शनात आघातावर केंद्रित असलेली विचार-वर्तन उपचारपद्धती आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली आहे. ईएमडीआर ही अमेरिकेच्या फ्रान्सिन शापिरो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली पद्धत. आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी उपचारकाच्या हलत्या बोटावर नजर फिरवत राहायची. एक पाय तेव्हामध्ये आणि एक पाय आत्तामध्ये. शाउअर आणि एल्बर्ट यांच्या पद्धतीत दोरी असते. जमिनीवर दोरी पसरायची. एक टोक म्हणजे जन्म. दुसऱ्या टोकाकडची दोरी गुंडाळूनच ठेवायची, कारण ते पुढचं आयुष्य. चांगल्या प्रसंगांच्या जागी फुलं ठेवायची, वाईट प्रसंगांच्या जागी दगड. मग एकेका दगडापाशी बसून तो प्रसंग सावकाश, क्रमाने सांगायचा. उपचारक लिहून घेतो आणि पुढच्या भेटीत वाचून दाखवतो.

एक चित्र सांगतो. ही कुणा एकीची गोष्ट नाही, अनेकींच्या गोष्टी एकत्र करून मी ती रचली आहे, ओळख कळू नये म्हणून. एक बाई. पुराच्या वेळी घर नदीकाठी. आता आवासात वरच्या मजल्यावर. रोज सकाळी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की हिच्या हातांच्या मुठी आवळल्या जायच्या आणि पाच-पाच मिनिटं सुटायच्या नाहीत. एकदा गॅसवर दूध होतं, तेही उतू जाऊन जळलं. नवऱ्याचं म्हणणं, "त्या रात्री मी वरून ओरडतोय, पोरीला दे, पोरीला दे. आणि ही पोरीला धरून पुतळ्यासारखी उभी. हात सोडेचना. पोरगी गेली असती." पोरगी वाचली, आज ती कॉलेजात आहे. पण बारा वर्षं घरात हेच वाक्य फिरत होतं.

आम्ही दोरी पसरली. तिने दगड निवडला, मुठीत मावेल एवढा. पहिल्या तीन भेटींत ती त्या दगडापर्यंत पोचून थांबायची. मुठी आवळायची. मी म्हणायचो, पाय दाबा, भिंतीवरचं कॅलेंडर वाचा, आज कोणती तारीख? मग पुन्हा मागे, पाणी यायच्या आधी, संध्याकाळच्या स्वयंपाकापासून. चौथ्या भेटीत ती म्हणाली, "वीज गेली. पायाला गार लागलं. पाळण्याला हात लावला तर पाणी." आणि थांबली. मग हळूच म्हणाली, "पाळण्यातून पोरीला मी उचललं. अंधारात. तेव्हा हे उठलेसुद्धा नव्हते." बारा वर्षांच्या त्या वाक्याखाली ही गोष्ट दबून गेली होती. तिच्या हातांनी आधी पोरीला वाचवलं होतं, आणि मगच ते मिटले होते. पुढच्या भेटीला ती नवऱ्याला घेऊन आली. मी लिहिलेला कागद तिने स्वतः वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. त्याने दोरीवरचा तो दगड उचलला, पाहिला आणि पुन्हा जागेवर ठेवला. टाकीच्या आवाजाला मुठी त्यानंतरही काही महिने आवळल्या जात, पण आता त्या उघडायची रीत तिला येत होती.

आता काही इशारे, कारण या विषयात दुकानंही फार आहेत. शरीराला थरथरू द्या, अडकलेली ऊर्जा बाहेर पडेल, असं सांगणारी पीटर लेव्हिन यांची पद्धत 1997 च्या त्यांच्या पुस्तकानंतर गाजली. शरीराकडे लक्ष वेधण्याचं श्रेय त्यांना आहे. पण चाचण्यांचा आधार अजून थोडा आहे. 2017 मधली इस्राएलमधली एक चाचणी आशादायक होती, तीत 63 माणसं होती. स्टीफन पोर्जेस यांचा व्हेगस नसेबद्दलचा सिद्धांत हल्ली व्हॉट्सॲपवरही फिरतो. त्यातल्या शरीरशास्त्रावर तज्ज्ञांचे गंभीर आक्षेप आहेत. कुणी दोन दिवसांच्या शिबिरात जन्माचा आघात काढून देतो म्हणाला, तर पाकीट सांभाळा.

औषधांचं म्हणाल तर नैराश्यावरची काही औषधं या विकारात उपयोगी पडतात, मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने. पण आघातानंतर लगेच झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणखी एक, माणूस तास न् तास ताठ, न बोलता, न खाता पडून असेल तर ते साधं थिजणं समजू नका. तो कॅटॅटोनिया असू शकतो, फिट असू शकते. तिथे थेट रुग्णालय गाठा. कॅटॅटोनियावर गुंगीच्याच गटातलं लोराझेपाम हे औषध चांगलं लागू पडतं. एका जागी टाळायचं औषध दुसऱ्या जागी कामाचं ठरतं, ते ओळखायला डॉक्टर लागतो.

आपल्याकडे अशा माणसाला धसका बसला म्हणतात, मीठ-मोहऱ्या उतरवतात, भगताकडे नेतात. मी त्यावर हसत नाही. आजी दृष्ट काढते तेव्हा कुणीतरी जवळ बसतं, घाई करत नाही आणि दोष बाहेरच्या कशाला तरी देतं, त्या माणसाला देत नाही. तेवढं आजीकडून घ्यावं. मात्र महिना उलटला तरी झोप लागत नाही, प्रसंग डोळ्यांपुढे येतच राहतो, माणूस बधिर आहे, तर दवाखान्यात न्या. पैशाची अडचण असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. 14416 या नंबरवर फुकट बोलता येतं, अनेक भारतीय भाषांत.

आणि संकट घडल्या दिवशी काय करायचं? सांग, काय काय झालं, असं खोदून विचारू नका. एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याचा फायदा होत नाही, हे आता मान्य झालं आहे. सुरक्षित जागी न्या, पाणी द्या, घरच्यांशी गाठ घालून द्या. बोलला तर ऐका, न बोलला तर शेजारी बसा. बहुतेक माणसं आपल्या माणसांत राहून सावरतात.

शेवटचा मुद्दा सरावाचा. आणीबाणीत माणसं का थिजतात यावर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांनी 2004 मध्ये लिहिलं. नवी योजना आखायला मेंदूला जो वेळ लागतो, तो संकट देत नाही. हातात आधीच बसलेली कृती मात्र क्षणात निघते. 24 मे 2019 ला आपल्या सरथाण्यात मुलांचे क्लास चालणाऱ्या तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली आणि 22 जीव गेले. तिथला पहिला दोष इमारतीचा आणि व्यवस्थेचा, मुलांचा कणभरही नाही. पण प्रत्येक क्लासात, प्रत्येक खात्यात, प्रत्येक आवासात महिन्यातून एकदा जिना कुठे, बटण कुठे, हे नुसतं दाखवून न थांबता पायांनी चालून, हातांनी दाबून करून घेतलं पाहिजे. काकांनी मला बटण दाखवलं होतं. दाबायला लावलं नव्हतं. तो उडिया कारागीर माझ्याहून शूर होता का? असेल. पण तो ते बटण रोज दोनदा दाबत होता, पाळी सुरू होताना आणि संपताना.

काकांबद्दल सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर एकवीस वर्षं मी त्यांच्या समोर फार वेळ बसत नसे. नवापूरला एका लग्नात आम्ही मांडवाच्या कडेला शेजारी शेजारी बसलो होतो. ते तीन बोटांनी सुपारी कातरत होते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी ओरडलो नाही." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी तरी कुठं ओरडलो रे भाऊ? हात माझा होता."

मी तोवर पुस्तकं वाचली होती, माणसं बरी केली होती, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खात्यात त्या क्षणी दोघं थिजले होते. जाब फक्त एकाला विचारला गेला.

त्यांनी मला सुपारीचं खांड दिलं. मी ते घेतलं, आणि त्या दिवशी बऱ्याच वेळाने उठलो.